आधी छप्पर, मग सोलर

ट्रॅव्हल ट्रेलर नव्याने घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सोलरचा असतो. किती वॉटचं पॅनल लावू, लिथियम बॅटरी घेऊ का, इन्व्हर्टर कोणता बरा. दुसरा प्रश्न गादीचा, कारण कारखान्यातून येणारी गादी हा एक स्वतंत्र छळ आहे. छपराविषयी कुणी विचारत नाही. ‘वर चढून पाहिलंत का?’ असं मी उलट विचारलं की विचारणारा हिरमुसतो. त्याला काहीतरी नवं बसवायचं असतं आणि मी त्याला शिडी आणायला सांगत असते.

हे पुस्तक शिडीपासून सुरू होतं, आणि त्याचं कारण इथेच सांगून टाकलेलं बरं. ट्रेलरमध्ये केलेली जवळजवळ प्रत्येक सुधारणा एक तर कुठेतरी नवं भोक पाडते, नाहीतर वजन वाढवते. पुष्कळदा दोन्ही करते. भोकातून पाणी आत येतं आणि वजन टायरवर, अ‍ॅक्सलवर आणि ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर जाऊन बसतं. देखभाल म्हणजे कटकट आणि सुधारणा म्हणजे हौस, अशी जी वाटणी लोक मनाशी करून ठेवतात ती म्हणूनच मला पटत नाही. दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडावा लागतो.

आत्ता हे लिहायला निमित्तही आहे. २०२१ साली अमेरिकेतल्या कारखान्यांमधून सुमारे ६ लाख आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, बाहेर पडल्या. तो विक्रम होता. कोविडमुळे विमानप्रवास नकोसा झालेला, हॉटेलांची धास्ती, ऑफिस लॅपटॉपमध्ये आलेलं. ज्यांनी जन्मात तंबू ठोकला नव्हता त्यांच्याही ड्राइव्हवेत ट्रेलर उभे राहिले. न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सस, ओंटारिओतल्या आपल्या लोकांनीही घेतले. त्या ट्रेलरांची वॉरंटी केव्हाच संपली. टायर म्हातारे झाले, छपरावरचं सिलंट तडकायला लागलं आणि पोरं मोठी होऊन ‘आम्ही नाही येत’ म्हणू लागली. शेवटच्या अडचणीवर या पुस्तकात उपाय नाही.

देखभाल समजायची तर ही वस्तू घडते कशी ते आधी ठाऊक हवं. हौसेखातर चाकांवरच्या घरात राहायचं, ही कल्पना मुळात इंग्रजांची. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या एका वॅगन कारखान्याकडून ‘द वाँडरर’ नावाची गाडी बनवून घेतली. तिचं वजन दोन टनांच्या आसपास होतं आणि ती ओढायला दोन घोडे होते. म्हणजे वजनाची रड तेव्हापासूनची. मोटारी आल्यावर अमेरिकेत हॉली बोलस या माणसाने १९३४ मध्ये ‘रोड चीफ’ नावाचा ट्रेलर काढला. वैमानिक लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुई’ विमान १९२७ साली ज्या कारखान्यात बनलं, तिथला हा फोरमन. त्याने ट्रेलरही विमानासारखाच केला, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडलेला. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ साली ‘क्लिपर’ आणला तो याच घडणीचा. आज एअरस्ट्रीमचा कारखाना ओहायोतल्या जॅक्सन सेंटर गावात आहे. १९६९ साली अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावरून परतले तेव्हा त्यांना ज्या फिरत्या विलगीकरण कक्षात ठेवलं, तोही बदल करून घेतलेला एअरस्ट्रीमच होता. चंद्रावरचे जंतू, असलेच तर, बाहेर पडू नयेत म्हणून आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखला होता. ट्रेलरच्या गळतीची काळजी साऱ्या जगाने केली, अशी ही एकच वेळ असावी.

दुसरा रस्ता कॅनडात निघाला. विनिपेगचे रे ओलेको फायबरग्लासच्या हलक्या सेप्टिक टाक्या बनवत. त्याच कसबातून १९६८ साली त्यांनी १३ फुटी ‘बोलर’ ट्रेलर काढला. साच्यातून काढलेली दोन अंगं, वरचं आणि खालचं, मधोमध कमरेला जोडलेली. छपराला जोडच नाही. सेप्टिक टाकीच्या पोटी जन्मलेले हे ट्रेलर पन्नास-पन्नास वर्षांनंतरही रस्त्यावर दिसतात आणि भाव खाऊन जातात.

पण तुमच्या-माझ्या ड्राइव्हवेत असतो तो बहुधा या दोन्हींतला नाही. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि त्याच्या पंचक्रोशीत बनतात. तिथल्या कामगारांत आमिश लोक पुष्कळ. हाताचे पक्के, पण लाइनचा वेग असा की कारागिरीला श्वास घ्यायला सवड नसते. लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर पातळ प्लायवुड, गोंद, स्टेपल, बाहेरून पन्हळी पत्रा किंवा फायबरग्लासची कातडी आणि वर रबराचं किंवा तशाच प्लॅस्टिकचं एकसंध कापड. हे घर ताशी शंभर किलोमीटरने खड्ड्यांतून ओढायचं. घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते हलकं आणि स्वस्त असावं अशी आपलीच मागणी होती, आणि ती मागणी त्यांनी पुरी केली.

त्यामुळे सगळा भार सांध्यांवर येतो. छपराचं कापड स्वतः सहसा दगा देत नाही. दगा देतात ते त्याला पाडलेल्या भोकांचे काठ. स्वयंपाकघरातला व्हेंट, बाथरूमचा व्हेंट, स्कायलाइट, प्लंबिंगच्या नळीचं टोपण, एसीचं भोक, अँटेना, शिडीचे स्क्रू, आणि पुढच्या-मागच्या कडेला कापड दाबून धरणारी पट्टी. या प्रत्येकाभोवती सिलंटचा थर असतो. उन्हाने तो वाळतो, थंडीने आकसतो, प्रवासात ट्रेलर पिळवटतो तेव्हा काठापासून सुटतो. केसाएवढी फट पुरते. कोकणात पावसाळ्याआधी माणसं कौलं चाळून घेतात, फुटकं कौल सापडो न सापडो. ट्रेलरचं छप्पर तसंच चाळावं लागतं, फक्त वर्षातून एकदा करून भागत नाही. बहुतेक उत्पादक दर तीन महिन्यांनी पाहायला सांगतात, आणि वॉरंटीच्या कागदात हे वाक्य बारीक टायपात असतं.

पाहायचं म्हणजे उभं राहून नजर टाकायची असं नाही. गुडघ्यांवर बसायचं, जिथे खाली आडवी बल्ली आहे तिथेच वजन द्यायचं, आणि सिलंटच्या कडेने अंगठ्याचं नख हलकेच फिरवायचं. धडधाकट सिलंट रबरासारखं दबतं आणि परत येतं. वाळलेलं कडक लागतं, त्यावर बारीक रेषांचं जाळं दिसतं. सुटलेल्या कडेखाली नख शिरतं आणि तिथे काळी धूळ अडकलेली असते. धूळ शिरली तिथून पाणी शिरलेलं असणारच. ती जागा पुसायची, सुटलेलं सिलंट तेवढंच काढायचं, बाकी घट्ट असलेलं खरवडत बसायचं नाही, आणि वर त्याच जातीचं नवं सिलंट सोडायचं. सपाट जागेवर आपोआप पसरणारं सिलंट चालतं. उभ्या कडेला न ओघळणारं लागतं. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन मात्र छपरावर नेऊ नका. ते रबराला नीट धरत नाही, आणि एकदा लागलं की त्यावर दुसरं काहीही चिकटत नाही. आधीच्या मालकाने मायेने फासलेलं सिलिकॉन खरवडण्यात अख्खा शनिवार जातो.

पाण्याची खोड अशी की ते जिथून शिरतं तिथे दिसत नाही. मागच्या व्हेंटपाशी शिरलेलं पाणी बल्लीच्या कडेने चालत जाऊन पुढच्या पलंगाखाली उतरतं. तेव्हा डाग दिसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. वरच्या कपाटांच्या आतले कोपरे चाचपा, तिथे वास घ्या. खिडकीखालची भिंत तळहाताने दाबा. कोपऱ्यांत अनवाणी पायाची टाच टेकून जमीन दबते का पाहा. प्लायवुड भुसभुशीत झालं असेल तर पायाला डोळ्यांआधी कळतं. बाहेरून, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीच्या कडेला गाल लावून एका रेषेत बघा. फायबरग्लासच्या भिंतीला फुगारा आला असेल तर आतल्या प्लायवुडचा गोंद सुटलाय. तो फुगारा घरच्या घरी बसत नाही. जुना ट्रेलर घ्यायला जाल तेव्हा एवढ्या दहा मिनिटांनी हजारो डॉलर वाचतील, आणि विकणारा तेवढ्यात सोलरबद्दल बोलत राहील.

पाण्याइतकंच दुसरं प्रकरण वजनाचं, आणि ते भारतीय घरांत जास्त चिघळतं. ट्रेलरच्या दाराजवळ एक स्टिकर असतो: पूर्ण भरल्यावर वजन इतकंच चालेल, सामान इतकंच घालता येईल. ओढणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत दुसरा असतो. त्यावरचा आकडा माणसं आणि सामान मिळून असतो, आणि गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या हिचवर पडणारा ट्रेलरचा भारही त्यातच मोजायचा. ‘आमची गाडी ७००० पौंड ओढते’ हे विक्रेत्याचं वाक्य. त्या गाडीत चार माणसं, कूलर आणि मागच्या खिडकीपर्यंत रचलेल्या पिशव्या असतील तर ७००० चा आकडा शोरूममध्येच राहतो.

पाण्याचं वजन कुणी धरतच नाही. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड. ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर सव्वातीनशे पौंडांहून जास्त, म्हणजे दीडशे किलो, निव्वळ पाणी ओढताय. त्यात तांदळाची पिशवी, कणीक, दोन कुकर, बिडाचा तवा, पोळपाट आणि ‘असू द्या’ म्हणून घेतलेलं सगळं. १९५४ च्या ‘द लाँग, लाँग ट्रेलर’ या चित्रपटात नवी नवरी वाटेत आवडलेले दगड आठवण म्हणून ट्रेलरमध्ये भरत जाते आणि घाटात तेच दगड जिवावर येतात. ल्युसील बॉलचा विनोद म्हणून लोक हसतात. मला तो चित्रपट वजनाच्या प्रकरणाचं परिशिष्ट म्हणून जोडावासा वाटतो. आपल्याकडे दगडांच्या जागी लोणच्याच्या बरण्या असतात, एवढाच फरक.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर यायला हवा. मागे सायकली टांगल्या, मागच्या बंपरवर जनरेटर ठेवला, की पुढचा भार हलका होतो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. शेजारून ट्रक गेला, उतार लागला, वेग वाढला, की ते हेलकावे आवरत नाहीत. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबण्याची उबळ येते. त्याऐवजी पाय अ‍ॅक्सलरेटरवरून काढून फक्त ट्रेलरचे ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून लावायचे असतात. हे वाचून येत नाही. मोकळ्या रस्त्यावर, सरळ चालत्या गाडीत, कमी वेगाने, ती कळ कुठे आहे हे बोटांना शिकवून ठेवावं लागतं. हेलकावे थोपवणारी हिच जरूर घ्या, पण चुकीच्या भरणीवर ती औषध नाही. हायवेवरच्या ट्रकथांब्यांत वजनकाटे असतात. पूर्ण भरलेल्या अवस्थेत एकदा त्यावर चढा. त्या पावतीइतकं खरं बोलणारं ट्रेलरच्या कागदांत दुसरं काही नाही.

चाकांचं थोडक्यात सांगते, पुस्तकात सविस्तर आहे. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, वयाने मरतात. नक्षी कोरी करकरीत दिसते आणि आतून थर सुटलेले असतात. टायरच्या अंगावर डीओटी ही अक्षरं असलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२१ असेल तर २०२१ सालचा ३२ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला, नक्षीकडे पाहू नका. हवा रोज सकाळी निघण्याआधी, टायर थंड असताना बघायची. बऱ्याच ट्रेलर टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. हायवेवर मागचा हॉर्न वाजवतो म्हणून ती वाढत नाही.

बेअरिंगचं काम मात्र ज्याने-त्याने एकदा तरी स्वतःच्या हातांनी करावं अशी माझी सक्त सूचना आहे. वर्षातून एकदा किंवा १२,००० मैलांनी, जे आधी येईल तेव्हा. हब उघडायचा, खीळ काढायची, नट सोडायचा, बेअरिंग रॉकेलने धुऊन कोरडं करायचं. रोलर एकेक करून बघायचे. निळसर झाक म्हणजे तापलंय, खड्डे म्हणजे संपलंय. मग डाव्या तळहातावर लिंबाएवढा ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत दाबत ओढायची, वरच्या बाजूने रोलरांच्या मधून ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. सगळीकडून शेवया आल्या की भरलं. मागचं सील नवंच घालायचं. नट बसवताना चाक फिरवत फिरवत आवळायचा आणि मग किंचित सैल करायचा, कारण घट्ट आवळलेलं बेअरिंग सैलापेक्षा लवकर जळतं. हब उघडलाच आहे तर ब्रेकचा मॅग्नेट आणि लायनिंगही दिसतं. ग्रीस गळून लायनिंगवर आलं असेल तर त्या चाकाला ब्रेक नाही असंच धरा. चाकं परत चढवल्यावर पहिल्या ५० मैलांत दोन-तीनदा थांबून नट टॉर्क रेंचने तपासायचे. हायवेच्या कडेला चाक नसलेला ट्रेलर दिसतो, तो बहुतेकदा या कंटाळ्याचा बळी असतो.

आता सोलर. एवढा वेळ वाचकाला ताटकळत ठेवलं खरं. पण विजेच्या सुधारणा हाच भाग असा आहे जिथे एक वस्तू घेतली की तिच्या मागून पाच येतात. साधी शिशाची बॅटरी १०० अँपिअर-तासांची असली तरी तिच्यातून निम्मीच वीज काढावी, नाहीतर ती लवकर खंगते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी वजनाला तिच्या निम्मीही भरत नाही आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. वजन कमी करणारी सुधारणा विरळाच, त्यामुळे लिथियमच्या मी बाजूची आहे. पण तिला भरायला ट्रेलरमधला कन्व्हर्टर त्या जातीचा हवा. गाडीतून सात पिनांच्या प्लगमधून येणारी तार लांब आणि बारीक असते, तिच्यातून वीज झिरपते, वाहत नाही, म्हणून मध्ये वेगळा चार्जर आणि जाड तार लागते. शून्य अंशाखाली ही बॅटरी भरता येत नाही. भरली तर आत लिथियमचा थर साचून ती कायमची खराब होते, म्हणून चांगल्या बॅटरीतलं यंत्रच भरणं थांबवतं. मिनेसोटात ऑक्टोबरच्या सकाळी सोलर ऊन घेतंय आणि बॅटरी नको म्हणतेय, असं होतं. मग बॅटरी आत, उबेत आणायची. ती आत आणताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ट्रेलर हिचपासून सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारा स्विच ट्रेलरच्याच बॅटरीवर चालतो. ती तार नव्या बॅटरीला, मधल्या बंद-चालू स्विचला वगळून, थेट जोडलेली राहिली पाहिजे.

हिशेब करायला अवघड नाही. १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास. छपरावरचा १३,५०० बीटीयूचा एसी त्यावर जेमतेम तासभर चालेल. दिवे, पंपाचा वापर, फोन आणि पंखा यांना ती दोन दिवस पुरेल. सगळ्यांना आश्चर्य वाटतं ते फर्नेसचं. तो गॅसवर चालतो, पण त्याचा झोत सोडणारा पंखा विजेवर, आणि थंडीच्या रात्री बॅटरी खाणारा तोच. आधी खर्च मोजा, मग पॅनल घ्या. पॅनल घेतलंत की ते छपरावर लागणार, आणि छपरावर लागणार म्हणजे पुन्हा स्क्रूची भोकं. वाचकाला मी शिडीवर का चढवत होते ते इथे ध्यानात यावं. जिथे झाडी दाट आहे अशा कॅम्पग्राउंडांत जाणाऱ्यांनी तर छपराला हात न लावता लांब वायरीचं घडीचं पॅनल उन्हात नेऊन ठेवावं.

फ्रिजवर माझं मत जरा जुनाट आहे. जुन्या ट्रेलरांमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज असतो. ज्योत लावून थंडावा मिळतो हे पुष्कळांना चमत्कारिक वाटतं. १९२२ साली स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो, फिरतो आणि परत पाण्यात विरतो, आत एकही फिरता भाग नाही. पाणी आणि अमोनिया उतारानेच वाहत असल्यामुळे ट्रेलर समतल नसला तर अभिसरण तुंबतं आणि नळ्या तापून कायमच्या निकामी होऊ शकतात. नव्या ट्रेलरांत १२ व्होल्टचे कॉम्प्रेसर फ्रिज येतात, पटकन थंड होतात, कलंडलेले चालतात, पण रात्रंदिवस वीज मागतात. जुना फ्रिज चालत असेल तर तो काढून नवा बसवण्याची घाई करू नका. ट्रेलर समतल करायला शिका, ते तसंही झोपेसाठी लागतंच.

आपल्या स्वयंपाकाला ट्रेलर तयार नसतो हे मान्य करायला हवं. मोहरी तडतडली की धुराचा अलार्म किंचाळतो, शेजारच्या साइटवरचे लोक दुर्बीण खाली ठेवून पाहतात. त्यावर अलार्मची बॅटरी काढून ठेवणं हा उपाय नव्हे. छपराच्या व्हेंटमध्ये चांगला, दोन्हीकडे फिरणारा पंखा बसवणं ही माझ्या मते पहिल्या तीन सुधारणांतली एक. भोक आधीचंच असतं, फक्त काठ नीट सील करायचा. फोडणी शक्य तर बाहेर, टेबलावरच्या शेगडीवर. गॅस शोधणारा डिटेक्टर जमिनीलगत असतो, कारण प्रोपेन हवेपेक्षा जड. त्याचं आयुष्य पाच-सात वर्षांचं, मागे तारीख छापलेली असते. २०२१ च्या ट्रेलरांतले डिटेक्टर म्हणूनच एकदा उलटून पाहा.

बाथरूमचा विषय मराठी पुस्तकांत टाळतात. ट्रेलरच्या पुस्तकात टाळता येत नाही. संडासाची टाकी वेगळी, भांडी-आंघोळीची वेगळी. आपण पाणी वापरणारी माणसं, म्हणून टाकी लवकर भरेल अशी भीती लोकांना वाटते. प्रत्यक्षात संडासाच्या टाकीला पाणी कमी पडणं हाच मोठा रोग आहे. हुकअपवर असताना तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारे पातळ वाहून देतात आणि घट्ट तेवढं आत रचत जातात. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी भरू द्या, मग एकदम सोडा. टमरेलाचं किंवा जेटचं पाणी इथे उपकारच करतं. आधी भरते ती सहसा दुसरी, भांड्यांची टाकी. आमटीचं तेल, भाताची शितं आणि चहाचा चोथा तिच्यात जाऊ देऊ नका, ताटं कागदाने पुसून मग धुवा. ही टाकी आंबते तेव्हा तिचा वास पहिलीपेक्षा भयंकर असतो.

थंडीची तयारी हे उत्तरेकडच्यांचं व्रत. पहिलं कडाक्याचं हिव पडण्याआधी टाक्या रिकाम्या, गीझरला बगल देऊन तो निथळलेला, आणि नळ्यांतून गुलाबी अँटिफ्रीझ प्रत्येक नळातून गुलाबी धार येईपर्यंत. बाहेरचा शॉवर आणि संडासाचा नळ राहून जातो, आणि एप्रिलमध्ये नेमके तेच फुटलेले असतात. वसंतात टाकीला दर १५ गॅलनला पाव कप ब्लीच घालून धुवायची. उंदरांचं काय करायचं यावर मी एक अख्खं प्रकरण लिहिलंय आणि तरी उंदीर जिंकतील असा माझा अंदाज आहे.

किती मोठा ट्रेलर घ्यावा, हे विचारणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. अमेरिकेतल्या सरकारी कॅम्पग्राउंडांची रचना ई. पी. माइनेके या वनस्पतिरोगतज्ज्ञाची देणगी आहे. मोटारी वाटेल तशा फिरून झाडांची मुळं दाबून टाकतात हे पाहून त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एकेरी वळणरस्ता आणि त्याला प्रत्येक बिऱ्हाडासाठी फुटलेला छोटा फाटा अशी आखणी सुचवली. आजही नॅशनल पार्कात तुम्ही ज्या अरुंद फाट्यात घामाघूम होऊन ट्रेलर मागे घेता तो फाटा झाडांसाठी आखलेला आहे, तुमच्या ३२ फुटांसाठी नव्हे. जुन्या पार्कांत राहायची आवड असेल तर छोटा ट्रेलर घ्या. मागे घेताना नवरा-बायकोंनी एकमेकांशी फोनवर बोलावं, हातवारे आणि आरडाओरडा नको. हा सल्ला यांत्रिक नाही, पण बराच खर्च वाचवतो.

पुस्तकात काही गोष्टी मुद्दाम आखडत्या घेतल्या आहेत. गॅसच्या नळ्यांचं प्रकरण लहान आहे. साबणाच्या फेसाने गळती शोधण्यापर्यंत मी तुमच्यासोबत आहे, त्यापुढे परवानाधारक माणूस बोलवा. १२० व्होल्टच्या वायरिंगचंही तसंच. ३० अँपिअरचा प्लग म्हणजे ३६०० वॉट, आणि पातळ प्लायवुडच्या भिंतीत तेवढ्याने आग लागायला वेळ लागत नाही. कोणत्या कंपनीचा ट्रेलर चांगला, या प्रश्नाला मी बगल दिली आहे. एकाच लाइनवरून सोमवारी निघालेला आणि शुक्रवारी निघालेला ट्रेलर सारखा नसतो. मापं पौंड, गॅलन आणि पीएसआयमध्येच ठेवली आहेत, कारण स्टिकरवर, टायरवर आणि पंपावर तीच छापलेली असतात. कॅनडातल्या वाचकांना स्टिकरवर किलोही मिळतील. त्यांनी हिशेब मात्र एकाच मापात करावा, अर्धा किलोत आणि अर्धा पौंडांत करू नये.